शकुंतला आणि शेठ वालचंद: माझ्या कालच्या मेसेजबद्दल

भाऊ लोकहो, काल मीच आपल्या गावच्या ग्रुपवर टाकलं होतं की यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांनी बांधली आणि मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंक, म्हणजे समुद्रावरचा पूलपण त्यांनीच, ते चुकीचं हाय. घाईत टाकलं, माफ करा.

वर्षं जुळवून पाहिली तं लगेच समजलं. वालचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. शकुंतला झाली तेव्हा ते तरुणच होते, अन् आपली लाइन तं किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारातली, आपल्याकडचा कापूस न्यायला टाकलेली. गोंधळ बहुतेक यामुळे झाला की वालचंदांनी ठेकेदारीची सुरुवात फाटक नावाच्या भागीदारासोबत बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून केली, अन् तेपण नॅरोगेजच, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, शकुंतलेसारखी.

सी लिंक २००९ चा, शेठजी तं १९५३ मध्येच गेले. पूल त्यांनी १९२६ मध्ये काढलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीनं बांधला, एवढंच खरं.

मले वाईट याचं वाटलं की माणसाचं खरं काम एवढं मोठं असून आपण खोटं चिकटवतो. भोर घाटातले रेल्वेचे बोगदे, १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजाचा, अन् तेपण इंग्रजांच्या राज्यात, हे सांगा ना पोरायले.

ज्याले ज्याले तो मेसेज पुढं पाठवला असंन त्यानं तिथं हा खुलासा टाका, जुना डिलीट करा.