हाकेच्या अंतरावर

घरात आमचा बंड्या अतिशय आज्ञाधारक आहे. फ्रिजचं दार नुसतं करकरलं की आतल्या खोलीतून, गाढ झोपेतून उठून दोन सेकंदांत हजर. तेवढ्या भांडवलावर मी एकदा मोकळ्या मैदानावर त्याचा पट्टा सोडला आणि थोड्या वेळाने ऐटीत हाक मारली, "बंड्या, ये!" बंड्याने मान वळवली, मला नीट ओळखलं आणि चालू लागला. ओळखलं नसतं तर इतकं लागलं नसतं.

मग, "ये, ये ये, अरे ये, येतोस का, ये म्हणतो ना!" आणि पाठलाग. माणूस मागे धावला की कुत्र्याच्या लेखी शिवाशिवी सुरू होते, आणि शिवाशिवीत चार पायांचा गडी हरत नाही. पाऊण तासाने तो आपण होऊन आला, तेव्हा मी त्याला यथेच्छ झापलं. म्हणजे आल्याबद्दलच बोलणी. हे मला पुढे एका प्रशिक्षकांनी समजावलं. सांगताना ते सहानुभूतीने बंड्याकडे बघत होते.

त्यांनी विचारलं, "तुम्ही 'ये' म्हणता ते कशासाठी?" मी आठवू लागलो. अंघोळीला ये. कान साफ करायला ये. नखं कापायला ये. ऐन रंगात आलेला खेळ मोडून घरी चल, ये.

"तुमचा 'ये' नासलाय," ते म्हणाले. "टाकून द्या. नवा शब्द घ्या. एकदाच म्हणायचा, आणि आला की दर वेळी काहीतरी झकास द्यायचं. लगेच पुन्हा खेळायला सोडायचं. दहा हाकांत एखादीच घरी नेणारी असावी."

मी 'मेजवानी' हा शब्द निवडला आणि खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे भरले. स्वयंपाकघरात शब्द चालला, अंगणात चालला. मैदानावर पहिल्यांदा "मेजवानी!" असं ओरडलो, तेव्हा दोन मुलं, एक परका लॅब्राडोर आणि बाकावरचे आजोबा आले. लॅब्राडोरला मी बक्षीस दिलं. त्याचं काम चोख होतं.

शब्द एकदाच म्हणायचा, हे मात्र जमेना. पाच वेळा म्हटलं तर कुत्रं पाचव्याला यायला शिकतं म्हणे. हे मी घरी मोठ्या तळमळीने सांगत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, मी मघापासून तिसऱ्यांदा हाक मारतेय. गॅस बंद करा." मला चिकन मिळालं नाही.

बंड्या तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्या वयाच्या कुत्र्यांवर ब्रिटनमधल्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झालाय. 'बस' म्हटल्यावर ही पोरं सांभाळणाऱ्या माणसाचं पूर्वीपेक्षा कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात, असं त्यात दिसलं. मला अभ्यासाची गरज नव्हती. बाकावरचे आजोबा नुसतं "काय रे" म्हणायचे आणि बंड्या त्यांच्या पायाशी बसायचा, शेपटीने धूळ झाडत.

शेवटी दहा मीटरची लांब दोरी आली. ती गळपट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला बांधायची, म्हणजे वेगात हिसका बसला तर मानेला इजा होत नाही. माझ्या मानेबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. दोरीचा उपयोग असा, की हाक वाया जाऊ लागली तर हलकेच आठवण करून देता येते. प्रत्यक्षात बंड्या आधी माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालायचा आणि मग खारीमागे सुटायचा.

त्या दिवशी दोरी घोट्यांपाशी आवळली, हे मला खार दिसण्याच्या आधी कळायला हवं होतं. मी सरळ पालथा. तोंडात माती, चष्मा गवतात, शब्द कुठला सुचणार! आणि पंजांचा आवाज आला. बंड्या खार सोडून, तोंड उघडं टाकून, सुसाट माझ्याकडे येत होता. माझा कान चाटला, मग नाक, मग थेट खिशात तोंड.

प्रशिक्षकांना सांगितलं तर ते म्हणाले, बरोबरच आहे, तुम्ही जमिनीवर आलात की कुत्र्याला राहवत नाही. खाली बसून बघा, नाहीतर उलट्या दिशेने पळा.

पळून पाहिलं. आजोबा उभे राहून बघू लागले, म्हणून सोडलं. आता मी "मेजवानी!" म्हणतो आणि गवतावर आडवा होतो. दहांतल्या आठ वेळा बंड्या येतो. चिकन तेवढं हल्ली शर्टाच्या वरच्या खिशातून पँटच्या मागच्या खिशात हलवलंय. पालथं पडल्यावर त्याचा लगदा व्हायचा.