"मॅडम, इकडून म्हणजे कुठून?"

मागणी वक्र, म्हणजे किंमत आणि मागणीचं नातं दाखवणारी रेषा, शिकवत होते. फळ्यावर रेषा ओढली आणि सवयीने म्हणाले, "ही बघा, इकडून अशी खाली येते." पहिल्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, इकडून म्हणजे कुठून?"

विचारणारा मुलगा दृष्टिहीन आहे. तक्रार करत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं. बारा वर्षं मी 'इकडून', 'असं', 'हे बघा' म्हणत शिकवत होते. आता फळ्यावर काढते ते सगळं बोलते. उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग, रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. त्या रात्री घरी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "म्हणजे किंमत वाढली की मी वर चढतो आणि नग कमी होतात." बाकीच्या पोरांनाही त्या तासाला वक्र जास्त नीट कळला, हे मुद्दाम सांगते.

वर्गात एवढं तरी माझ्या हातात आहे. परीक्षेत नाही. लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा, कोण शोधतो? तोच. पेपर तोंडावर आलेला असताना अभ्यास सोडून फोन करत बसतो, कुणाच्या तरी आईवडिलांना विनवतो. एका पेपरला ऐनवेळी मिळालेल्या मुलाला 'लवचिकता' तीनदा फोडून सांगावं लागलं. तीन तास संपले, हॉल रिकामा झाला आणि पर्यवेक्षक म्हणाले, "चला, आटपा आता."

त्याच्या हक्काचा अजून एक तास शिल्लक होता हो! केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांपासून तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायलाच हवीत. लेखनिक स्वतः आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडे मागायचा, हे त्या सूचनांप्रमाणे विद्यार्थ्याने ठरवायचं होतं. मागितलेल्या लेखनिकाला दोन दिवस आधी भेटून पारखायची मुभाही त्यात होती. ही कुणाची मेहेरबानी नाही. किती परीक्षा विभागांनी हे वाचलंय?

आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व ४० टक्के नाही म्हणून लेखनिक न देता परत पाठवलेली मुलं? विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार. यूपीएससीने त्यांना लेखनिक नाकारला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. २०२२ मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचनाही निघाल्या. तरी आजही खिडकीवर पहिला प्रश्न टक्क्यांचाच असतो. मला याचा मनापासून संताप येतो.

यंदा आम्ही वाट बघत बसलो नाही. प्रथम वर्ष सायन्सच्या वर्गांत जाऊन लेखनिक व्हाल का विचारलं, नऊ जणांनी नावं दिली. परवा त्यातली एक मुलगी पहिल्या बाकावरच्या त्या मुलासमोर वही उघडून बसली होती. तो सांगत होता, ती लिहीत होती. मध्येच थांबून तिने विचारलं, "दादा, आकृती सांगताना आधी अक्ष सांगाल का? मग मला काढता येईल."