पाणी घातलं म्हणून डांबर ‘जळत’ नाही

रस्त्यासाठी गरम डांबरात थोडं पाणी मारून ते फुगवतात, त्याला फेसाळ डांबर म्हणतात. त्याच्या कुठल्याही व्हिडिओखाली एक शेरा हमखास सापडतो: ‘गरम डांबरात पाणी मारलं की रासायनिक क्रिया होऊन ते जळतं, पाणी आत अडकतं, रस्ता लवकर उखडतो.’ पावसाळाभर खड्डे चुकवत गाडी चालवणाऱ्याला हे लगेच पटतं.

आधी ती ‘रासायनिक क्रिया’. डांबर असतं १६०–१८० अंश सेल्सिअसला. शंभर किलोत पाणी जातं दोन-तीन लिटर. एका लिटरची वाफ जवळपास १,७०० लिटर! तीच डांबराला दहा-पंधरा पट फुगवते आणि काही सेकंदांत फेस निम्म्यावर बसतो. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की चुर्र होतं, तवा तोच राहतो.

‘जळलं’ म्हणजे डांबराने ऑक्सिजन घेतला. तसं झालं तर इन्फ्रारेड आलेखात, म्हणजे नमुना इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषतो हे दाखवणाऱ्या आलेखात, ऑक्सिजन जोडला गेल्याच्या खुणा उमटतात: १७०० प्रतिसेंटिमीटरजवळ (हे प्रकाशलहरींचं माप) कार्बोनिल, १०३० ला सल्फॉक्साइड. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात फेस करण्यापूर्वीचं आणि नंतरचं डांबर असंच तपासलं गेलं. रसायनात बदल आढळला नाही. रिफायनरीत डांबर मुद्दाम कडक करायचं तर गरम डांबरातून तासन्‌तास हवा फुंकावी लागते. इथे खेळ सेकंदांचा.

‘मग आमच्या आलेखात १०३० ला शिखर कसं?’ असं नमुना तपासलेला कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण नमुना कुठला? रस्त्यावरच्या मिश्रणातून डांबर काढलं असेल तर खडीची भुकटी सोबत येते, आणि तिच्यातली सिलिकेटं १००० च्या आसपासच शोषण दाखवून सल्फॉक्साइडचं सोंग घेतात. कार्बोनिल खरोखर वाढलेलं असलं, तरी त्याच टाकीतलं, फेस न केलेलं डांबर तुलनेला हवंच. टाकीत दिवसचे दिवस तापत पडलेलं डांबर फेसाविनाही म्हातारं होतं.

अडकलेलं पाणी? डांबरात राहिलंच तर ३४०० जवळचा रुंद पट्टा चुगली करतो. जुना रस्ता खरवडून थंड पद्धतीने पुन्हा वापरताना खडीच मुळात ओलसर ठेवतात. थरातलं बहुतेक पाणी तिचं. तो थर सुकण्याआधी वरचा थर चढवला, तर ओरडा जरूर करा.

उखडण्याचं मात्र या आलेखावरून कुणीच बोलू नये, फेसाळ डांबराच्या समर्थकांनीही नाही. डांबर खडीला किती धरून आहे हे त्यात दिसत नाही. त्यासाठी मिश्रणाचे गोळे पाण्यात भिजवून, कोरड्या गोळ्यांशेजारी ठेवून फोडून बघावे लागतात.