जर्मनीचं उदाहरण देण्याआधी

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोलर की कोळसा हा वाद पेटला, की दोन्ही बाजूंना जर्मनी आठवते. चुलतभाऊ म्हणतो, "ऊन नसलेल्या देशाला जमतं, मग आपल्याला का नाही?" काका लगेच, "अणुभट्ट्या बंद केल्या, आता भरताहेत ना महागडी बिलं!" स्टुटगार्टजवळ राहणारा मी मध्ये सापडतो.

काकांचं अर्धं खरं. इथून जवळची नेकारवेस्टहाइमची अणुभट्टी १५ एप्रिल २०२३ ला बंद झाली, आणि बिल जड आहेच. पण ते आधीही जडच होतं. २०२२ मध्ये भाव भडकले ते रशियाचा गॅस आटल्यामुळे.

भावाचंही अर्धंच. डिसेंबरात इथली सौरवीज जूनच्या पाचव्या हिश्श्यावरही जात नाही. माझ्या बाल्कनीतली दोन पॅनेल तेव्हा शोभेची. कोळसा आणि गॅस तेव्हा लागतातच. उन्हाळी दुपारी मात्र वीज इतकी उतू जाते, की २०२४ मध्ये ४५०हून अधिक तास घाऊक बाजारातला भाव शून्याखाली होता. वीज न्या, वर पैसेही न्या! (माझ्या बिलापर्यंत ते पैसे कधी पोचले नाहीत.)

आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिट देतं, इथे हजार. हिवाळाही उन्हाचा. आपलं अडतं ते पावसाळ्यात आणि रोज संध्याकाळी सातला. चंद्रपूरसारखं २,९२० मेगावॉटचं केंद्र दुपारी विझवून सातला पेटवता येत नाही; बॉयलर दिवसभर मंद आचेवर ठेवावे लागतात. 'सोलरचं युनिट स्वस्त' म्हणताना हा खर्च कोणी धरत नाही.

तरी मी भावाच्या बाजूने झुकतो, ते शेतीपंपांमुळे. असं गिऱ्हाईक जर्मनीकडे नाही. उसाला पाणी दुपारी दिलं तरी चालतं, त्यासाठी बॅटरी लागत नाही. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेतलं मला पटतं ते हेच. संध्याकाळसाठी घाटघरला २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. रात्रीच्या शिल्लक विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हा त्याचा मूळ हिशेब. ते पाणी आता दुपारी चढवता येईल. असे प्रकल्प आणखी हवेत. नुसती पॅनेल वाढवली तर इथल्यासारखीच दुपारी रेलचेल आणि रात्री कोळसा.

हे सगळं काकांना लिहून पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "नंतर वाचतो. या आठवड्यात आमची लाइट रात्रीची आहे, दारं धरायला निघालोय. परवाच बांधावर बिबट्या दिसलाय."