पेन्शन तर मिळते ना जी!

आज सकाळी अंबाझरीला फिरताना एक काकाजी म्हणाले, "फौजेतल्या अफसरांना कसलं टेन्शन? पेन्शन तर मिळते ना जी!" तेव्हा हसून सोडलं. घरी आल्यापासून डोकं तापलंय.

माझे भाऊजी फौजेत अफसर; आर्मी, नेव्ही, एअर फोर्स यांपैकी एका दलातून दुसऱ्या दलात बदलीवर गेले. कुठून कुठे ते इथे नको, ताई रागावेल. हुकूम आला, गेले. दोन्ही दलांचे युनिफॉर्म ताईने एकाच ट्रंकेत ठेवलेत, मध्ये जुना टॉवेल घालून.

लेफ्टनंट कर्नलपर्यंत 13 वर्षांच्या नोकरीवर माणूस पोचतोच. नेव्हीत कमांडर, एअर फोर्समध्ये विंग कमांडर. त्यापुढची बढती सिलेक्शन बोर्ड ठरवतं. तिथे माणूस दिसत नाही, फाइल दिसते. तुकडीची कमांड कुठे केली, कामाचे रिपोर्ट कोणी लिहिले. भाऊजींचे नंतरचे रिपोर्ट लिहिणाऱ्यांना त्यांचं आधीचं काम कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं! यादी लागली, नाव नाही. जुन्या दलातच राहिलेल्या त्यांच्या बॅचमेटला मात्र बढती मिळाली. भाऊजींनी त्याला फोन लावला, "काँग्रॅच्युलेशन्स, सर!" थट्टेने म्हणाले. मी समोर बसलो होतो, मला नाही हसू आलं.

26 वर्षांनी टाइम स्केलमध्ये, म्हणजे बोर्डाशिवाय नुसत्या नोकरीच्या वर्षांवर, कर्नल करतात, हो. उत्तेजनार्थ बक्षीस.

आता काकाजींची पेन्शन. 20 वर्षं भरली की अफसराला मिळते, खरंय. पण ती शेवटच्या पगाराच्या निम्मी. वन रँक वन पेन्शन 2014 पासून लागू आहे, त्यातही हिशेब रँक आणि नोकरीच्या वर्षांवर. दर 5 वर्षांनी फेरहिशेब होतो, तोही त्याच रँकवर. म्हणजे एक बोर्ड हुकलं की जन्मभर दर महिन्याला कमी, आणि मागे ताईच्या फॅमिली पेन्शनलाही तेच.

तिन्ही दलांनी एकत्र लढावं, मान्य. अंदमानात 2001 पासून एकत्र कमांड आहे, 2023 मध्ये कायदाही झाला. पण त्याने अशा एकत्र कमांडच्या वरिष्ठाला दुसऱ्या दलांच्या लोकांवर शिस्तीचे अधिकार मिळाले; सेवाशर्ती ज्याच्या त्याच्या दलाच्याच राहिल्या. बढतीचं काय, बाप्पा?

बदलीच्या ऑर्डरवरच लिहून द्या ना: सिनियॉरिटी कुठल्या तारखेपासून, बोर्ड कोणाचं, रिपोर्ट कोण लिहिणार. आणि आधी माणसाला विचारा. भाऊजींना कोणी विचारलं नव्हतं. ताई म्हणते, "विचारलं असतं तरी हे गेलेच असते."