गाडी विकायची नाहीये!

एकदाच मोठ्याने लिहून टाकते, म्हणजे डोकं जरा थंड होईल. गाडी विकायची नाहीये. भाड्याने द्यायची नाहीये. तुमच्या भाच्याच्या प्रीवेडिंगलाही द्यायची नाहीये. आणि "साहेब कुठे आहेत?" असं मला विचारू नका. गाडी मीच चालवते, मीच पुसते आणि तिचा कार्बोरेटरही मीच साफ करते.

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ची. बदामी रंग, स्टिअरिंगला लागून हातगिअर, पुढे बाकड्यासारखी सलग सीट, चोकची ओढायची खुंटी आणि दारातली ती छोटी त्रिकोणी काच, जी फिरवली की वारा थेट मानेवर येतो. १०८९ सीसीचं इंजिन. पोरं म्हणतात, पिकअप नाही. नसू दे. मला कुठे वरात गाठायची आहे? रविवारी आईला शेजारी बसवायचं, थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कापूरहोळला हायवे सोडून भोरकडे वळायचं, मांढरदेवीच्या घाटाने वाईत उतरायचं. वाटेत जुन्या वस्तूंचं दुकान दिसलं तर डोकवायचं, मेणवलीच्या घाटावर पाय सोडून बसायचं, अंधार पडायच्या आत परत. एवढंच मागणं आहे हो माझं!

पण नाही. कात्रजच्या बोगद्यापासूनच सुरुवात. डाव्या लेनमधून पन्नासच्या स्पीडने निमूट चालले होते, तरी मागून डिपर-हॉर्न, डिपर-हॉर्न. अरे, उजवीकडे दोन लेन मोकळ्या आहेत, जा की! मग एक पांढरी एसयूव्ही बरोबरीने आली आणि पुढे जाईचना. बघते तर ड्रायव्हर एका हाताने फोन बाहेर धरून आमचं शूटिंग करतोय. रस्त्याकडे लक्ष नाही, आरशाकडे लक्ष नाही, साहेबांचं सगळं लक्ष माझ्या गाडीकडे. आई खिडकीतून ओरडली, "पुढे बघ मेल्या!" तेही त्याने रेकॉर्ड केलं असणार.

मांढरदेवीच्या चढाला गाडी बसली. हे अधूनमधून होतंच. इंजिनशेजारी पेट्रोल ओढणारा पंप असतो, गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात. थंडाव्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, उलट घाटात तोच आधी तापतो. आत पेट्रोलची वाफ झाली की गाडी आचके देत बंद. उपाय साधा: बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, वीस मिनिटं गप्प बसायचं. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. या गाडीच्या रबरी नळ्या कुठल्या जमान्यातल्या, त्यांना हे कसं सोसायचं? वर्षात दोनदा बदलल्या मी.

तर मी फडकं ठेवून उभी, हात काळे, आणि तेवढ्यात तीन बाइकवाले थांबले. मला वाटलं, मदतीला आले. "ताई, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." मी! माझ्याच गाडीच्या फ्रेममध्ये! त्यातला एक तर सरळ मडगार्डवर टेकला. खिशात किल्ली. ओरखडा अजून आहे, दुपारच्या उन्हात चांगला चमकतो.

आणि सरकार. सरकारच्या हिशोबाने ही गाडी म्हणजे अडगळ. वीस वर्षांवरच्या चारचाकीचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं तर २०२५पासून दहा हजार रुपये फी. ठीक आहे, भरू. पण व्हिंटेज म्हणून मान तरी द्या! तर त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०३४. आणि २०२१च्या नियमात गंमत अशी, की एकदा व्हिंटेज म्हणून नोंद झाली की गाडी रोजच्यासारखी रस्त्यावर आणायचीच नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, बस्स. आईला घेऊन वाईला जाणं यातल्या कशात बसतं ते सांगा. फार तर संशोधनात बसेल, आई वाटेतल्या प्रत्येक टपरीच्या चहाचं करते.

असो. खरा स्फोट दुकानात झाला.

वाई सोडल्यावर रस्त्याकडेला एक 'अँटिक'वालं दुकान लागलं, दारात दळायची दोन दगडी जाती मातीत पुरून पायऱ्या केलेल्या. आई त्यांच्यावर पाय न ठेवता कडेने गेली. आत कुठल्याशा पाडलेल्या वाड्याचा दरवाजा आडवा टाकून वर काच बसवलेली, मीटिंग टेबल म्हणून. कडी-कोयंडा तसाच. शेजारी त्याची चौकट उभी, तिच्यावर हळदकुंकवाची बोटं अजून स्पष्ट दिसत होती, कुणी कुणी किती वर्षं ओढली असतील. किंमत विचारली नाही. ऐकवलं नसतं.

पुढे कर्ण्याचा ग्रामोफोन. "ब्रिटिश टाइमचा आहे मॅडम." पेटीला चार फुलीचे चकचकीत स्क्रू, कर्ण्याच्या पितळेला कसलंसं काळं फासलेलं, जे माझ्या बोटाला लागलं. ब्रिटिश गेले १९४७ साली, हा काळा रंग गेल्या मंगळवारचा. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यात मनीप्लँट. अठ्ठावीस हजार! आमचा अस्साच बंब आईने गीझर घेतल्यावर भंगारवाल्याला नऊशे रुपयांत दिला होता. ती त्या मनीप्लँटकडे बघत नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "आई, चल." तर म्हणते, "थांब, जळण कुठून घालायचं ते भोक बुजवलंय की काय बघते."

मग तिने फळीवरचा एक पितळी तांब्या उचलला.

"आजी, तो पेशवेकालीन आहे. दीडशे वर्षं जुना. साडेसात हजार, तुम्हाला सात लावतो."

आता बघा. पेशवाई बुडाली १८१८ साली. दीडशे वर्षं जुना म्हणजे १८७५च्या आसपासचा. यातलं नेमकं काय खरं धरायचं? पण मी तोंड उघडायच्या आत आईने पदराने तांब्याचा काठ पुसला, चष्मा वर केला आणि वाचायला लागली. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, अर्धं कानशीने घासून काढायचा प्रयत्न केलेला, तरी लागत होतं: सौ. कुसुम हिस मामाकडून. ता. ११-५-६१.

"म्हणजे पानशेत फुटायच्या दोन महिने आधी," आई म्हणाली. "पुरात वाहून आला असेल बघ." आणि दुकानदाराकडे वळून अगदी मायेने, "अहो, हे लग्नातलं भांडं आहे. हा मामा पेशवा होता का?"

त्याने काय करावं? हसावं! "आजी, म्हणायची पद्धत असते तशी. गिऱ्हाइकाला आवडतं."

इथे माझा तोल गेला. मी म्हटलं, म्हणायचीच पद्धत असेल तर १९७२चा पुरावस्तूंचा कायदा पण आहे. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. तुमच्याकडे सगळंच दीडशे वर्षांचं आहे ना? मग दाखवा परवाना. क्षणात सगळं दुकान तरुण झालं! ग्रामोफोन 'डेकोरेशन पीस' झाला, दरवाजा 'अँटिक फिनिश' झाला, तांब्या 'व्हिंटेज लुक' झाला. साडेसात हजार मात्र साडेसात हजारच राहिले.

लोक म्हणतील, एवढं काय चिडायचं, नसेल घ्यायचं तर नका घेऊ. अहो, खोटं विकतात याचा राग कमीच आहे. डॉ. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दारं, भांडी असं हजारोंनी गावोगाव फिरून जमवलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, तो पुण्यात राजा केळकर संग्रहालयात आहे. तिथे कुणी अडकित्ता पेशव्यांचा करून सांगत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ घाटावर पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली, खरीखुरी. आम्ही तिच्याखाली अर्धा तास बसलो. पंधरा-वीस माणसं आली, घंटेकडे पाठ करून सेल्फी काढून गेली. राग याचा येतो की या माणसाला त्या कुसुमचं नाव कानशीने घासावंसं वाटलं. तेवढंच तर काय ते खरं होतं त्या तांब्यावर!

निघताना तो गाडीपर्यंत आला. बॉनेटवरून हात फिरवला (हाताला तोच काळा रंग असणार) आणि म्हणाला, "मॅडम, सव्वा लाख देतो. एका कॅफेवाल्याची ऑर्डर आहे. पुढचा भाग कापून काउंटर होईल आणि मागची सीट काढून सोफा. इंजिन नको मला, ते तुम्हीच ठेवा."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते इथे छापण्यासारखं नव्हतं. किल्ली फिरवली. आणि बयेने पहिल्या झटक्यात स्टार्ट घेतला, जो तिने वर्षभरात चारदा घेतला असेल.

अंधार पडायच्या आत घरी पोचलो, हे एक बरं झालं. आईने चहा टाकला. मी खाली जाऊन गाडीवर कव्हर घालायला लागले, तर वायपरखाली चिठ्ठी. खेड शिवापूरला चहाला थांबलो होतो तेव्हा कुणीतरी अडकवली असणार. "ओल्ड कार विकायची असल्यास फोन करावा. बेस्ट प्राइस." या महिन्यातली तिसरी. मागची बाजू कोरी होती, त्यावर किराणाची यादी केली.