बुडाले नाहीत हो

आधीच स्पष्ट सांगून टाकतो: शेअरबाजारात माझा एक रुपयाही बुडालेला नाही. माझ्याकडे शेअरच नाहीत, बुडणार काय? तरीही अमळनेरातली एक अख्खी गल्ली माझ्याबद्दल हळहळते आहे. रविवारी सकाळी भाजीवालीने मला कोथिंबिरीचे पैसे मागितले नाहीत. "ऱ्हाऊ द्या पाव्हणा," एवढंच म्हणाली आणि वर आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, असं पाहिलं की जणू मी आयसीयूतून बाहेर आलोय.

यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला. म्हणजे धोंड्याचा जावई म्हणून मिरवायचं ते मे महिन्यात, खानदेशात. बाहेर ४४ अंश, आत खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. अशा जेवणानंतर माणसाने आडवं व्हावं. नाना, म्हणजे माझे सासरे, झाले. मी नाही झालो, कारण बायको म्हणाली, "सोनूच्या लग्नाचे फोटो नानांच्या कंप्युटरवर पडून आहेत, तेवढे घेऊन ठेव ना." फोटो आणि व्हिडिओ मिळून ११० जीबी. घरातला पेनड्राइव्ह ३२ चा. दोन्ही कंप्युटर एकाच वायफायवर, म्हटलं फोल्डर शेअर करू, माझ्या लॅपटॉपवरून ओढू. दहा मिनिटं.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली. हौस म्हणून नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला माझा प्रोसेसर म्हातारा वाटला. नानांचा कंप्युटर मात्र तरणाबांड, विंडोज ११. तो माझ्या मेहुण्याने पुण्याहून येऊन बसवून दिलाय. नाना त्यावर खतांच्या दुकानाचा हिशेब ठेवतात.

पहिला अर्धा तास तर नानांचा कंप्युटर मला दिसलाच नाही. विंडोजने घरच्या वायफायची नोंद 'पब्लिक' अशी करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी ते बदलून 'प्रायव्हेट' केलं. खरं तर विंडोजचंच बरोबर होतं, कारण नेमके तेव्हाच अप्पा आत आले.

अप्पा समोरच्या घरातले. वय सत्तरीपुढे, पांढरी टोपी, हातात कायम एक दुमडलेलं वर्तमानपत्र, जे मी त्यांना कधी वाचताना पाहिलेलं नाही. नानांकडे कूलर आहे, एवढ्याच कारणाने ते रोज दुपारी येतात. त्यांनी खुर्ची ओढली, थेट माझ्या खांद्यामागे.

"काय करी राह्यनात जवाईबापू?"

"काही नाही अप्पा, शेअर उघडत नाहीये."

एवढं एकच वाक्य. माझ्या बदनामीचं सगळं भांडवल ते.

बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगतो. अमळनेरात 'शेअर' हा साधा शब्द नाही. विप्रो ही कंपनी १९४५ साली इथेच सुरू झाली, वनस्पती तूप आणि साबण करायला. त्या काळी गावातल्या ज्यांनी तिचे शेअर घेतले आणि विसरून गेले, त्यांची नातवंडं आज कोट्यधीश आहेत. ज्यांनी घेतले आणि विसरले नाहीत, त्यांची नातवंडं दुपारी दुसऱ्याच्या कूलरसमोर बसतात.

"मन्हा बापनी इकी टाकात," अप्पा म्हणाले. "म्हैस लेवाकरता."

"अप्पा, हा तो शेअर नाही..."

"म्हैस तं मरी गई."

यावर काय बोलणार? मी गप्प राहून लिनक्सला आज्ञा दिली. मागे एकदा वहीत उतरवून ठेवलेली ओळ होती, ती तशीच टाकली. उत्तर आलं: त्रुटी ११२, होस्ट इज डाउन. होस्ट म्हणजे नानांचा कंप्युटर. तो माझ्या गुडघ्याला लागून घरघरत होता, त्याचा गरम वारा पोटरीला लागत होता. आणि लिनक्स म्हणतं होस्ट आडवा आहे! आडवे होते ते नाना, पलीकडच्या खाटेवर, घोरत. यजमानांची एवढी अचूक बातमी मला कुठल्याही मशीनने आजवर दिलेली नव्हती.

खरी भानगड नंतर लक्षात आली. दोन कंप्युटर फोल्डर शेअर करताना एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. माझ्या वहीतल्या ओळीत तिची जुन्या पद्धतीची बोली होती, पहिली आवृत्ती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने याच बोलीतल्या भोकातून जगभरचे कंप्युटर ओलीस धरले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी नवं विंडोज १० ही बोली न घालताच यायला लागलं. म्हणजे नानांचा कंप्युटर जागा होता, फक्त माझ्या आजोबांच्या भाषेला ओ देत नव्हता. मग तसं सांगा ना! 'ही भाषा येत नाही' म्हणायला काय पैसे पडतात? पण नाही. ११२.

ही भाषा मुळात लिनक्सची नाहीच, विंडोज बोलतं ती. १९९१-९२ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने तारेवरून जाणारी बोलणी चोरून ऐकली आणि ती शिकून घेतली. त्याच्या प्रोग्रामचं पहिलं नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचं निघालं, तेव्हा त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शोधले आणि 'साम्बा' उचललं. लोक पोराचं नावसुद्धा इतक्या निवांतपणे ठेवत नाहीत. असो.

"आज शनवार शे," मागून आवाज आला.

"हो."

"मंग कसा उघडी? बजार बंद ऱ्हास. सोमवारले उघडी."

तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

मी वहीतल्या ओळीतला तो जुन्या आवृत्तीचा आकडा काढून टाकला. आता ११२ गेलं आणि १३ आलं. परमिशन डिनाइड. नानांना उठवून विचारलं, पासवर्ड काय? त्यांनी डोळे न उघडता चार आकडे सांगितले, जे ते रोज सकाळी टाकतात. मी टाकले. नाही. पुन्हा टाकले. नाही. सहा वेळा.

"काय म्हनस?"

"परवानगी नाही म्हणतो, अप्पा."

"कोननी परवानगी?" अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "सासराना घरमा जवाईले परवानगी नहीं? धोंडाना महिनामा?" आणि खाटेकडे वळून, "नाना! ऊठ रे! तुन्हा डबा जवाईले घरमा घुसू देत नहीं!"

आता मला मनापासून चीड येते ती इथे. ते चार आकडे म्हणजे पासवर्ड नव्हताच. तो पिन. पिन त्या एका मशीनपुरता असतो, वायफायवरून तो चालत नाही. खरा पासवर्ड म्हणजे ज्या ईमेल खात्यावर मशीन बसवलं त्याचा, आणि तो घरात कोणालाही ठाऊक नव्हता. आपल्याच कंप्युटरचा मालक आपल्याच कंप्युटरचा पासवर्ड न वापरता दोन वर्षं काम करतो आणि त्याला कोणी हे सांगतही नाही! हे ज्याला सुचलं त्याला दुपारी तीन वाजता अमळनेरच्या बसस्टँडवर उभं करावं.

मेहुण्याला फोन लावला. "जिजाजी, स्पीकरवर आहे का?" त्याने विचारलं.

"सांग ना पोऱ्या," अप्पा म्हणाले, "आठे सगळा घरनाच शेतस."

फोनवर बराच वेळ नुसता पुण्याच्या रहदारीचा आवाज. मग, "विसरलो." बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. ज्याला घरच्यांसमोर पासवर्ड आठवत नाही त्याचं लग्न लवकर ठरेल, एवढंच म्हणतो.

शेवटी नानांच्या कंप्युटरवर नवं खातं काढलं. विंडोज त्यासाठीही ईमेल मागतं. 'माझ्याकडे ही माहिती नाही' अशी एक बारीक ओळ खाली असते, तिच्यावर बोट ठेवायचं, मग ते कुरकुरत साधं खातं काढू देतं. नाव ठेवलं जावई. पासवर्ड सांगत नाही, पण त्यात ३३ आहे, ताटातल्या अनारशांइतके. मग फोल्डरला दोन ठिकाणी परवानगी दिली, शेअरिंगमध्ये एक आणि सिक्युरिटीमध्ये एक. एकाच घराला दोन दारं आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. लिनक्समध्ये आज्ञा दिली. एकही त्रुटी नाही. फोल्डर उघडला आणि पहिल्याच फोटोत हळदीने माखलेला मेहुणा दिसला.

"उघडना!" मी ओरडलो. मला अहिराणी येत नाही, तरी तेच निघालं.

अप्पांनी चष्मा लावला. "कितला भाव शे?"

फोटो येऊ लागले. लॅपटॉप म्हणाला, अजून सात तास. चहा झाला, नाना उठून बसले, आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा चालतो. नाना उठले आणि होस्ट आडवा झाला. मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो. कूलर बंद पडल्यामुळे अप्पा घरी निघाले, आणि जाताना त्यांनी मला डोळे भरून पाहून घेतलं ते याच अवस्थेत.

पुढचं गल्लीने केलं. संध्याकाळी दोन माणसं नानांना भेटून गेली, आवाज उतरवून. एकाने मला सरळ विचारलं, "कितला गयात?" मी म्हटलं, "अडतीस आले, बहात्तर अडकले." मी जीबीत सांगत होतो.

सोमवारी धुळ्याच्या एसटीत बसवताना नानांनी अनारशांच्या डब्याबरोबर एक पाकीट हातात कोंबलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "वेळ येस माणूसवर." खिडकीखाली अप्पाही उभे होते, वर्तमानपत्रासकट. मी नेटवर्क, पिन, साम्बा सगळं समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी सुटली.

पाकिटात अकरा हजार होते. अजून परत केलेले नाहीत.